चौथा ठिपका

१

त्या आठवड्यात माझी झोप घालवली ती एका फॉर्मातल्या सातव्या प्रश्नाने. 'मूल दोन शब्द जोडून बोलते का?' पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. स्पीच थेरपिस्ट बाईंनी फॉर्म घरी दिला होता. म्हणाल्या, घाई नको, आठवडाभर नीट बघा आणि मग भरा. पहिले सहा प्रश्न मी कसेबसे पार केले. हाक मारली की बघते? हो. हवं ते बोटाने दाखवते? हो. सातव्याशी आले की पेन्सिलने, खोडता यावं म्हणून पेन्सिलनेच, 'नाही'वर बारीक खूण करायची आणि लगेच खोडायची. शेवटी तो चौकोन इतका मळला की त्यात खूण आहे की नाही हे मलाच कळेना.

ईरा दोन वर्षं दहा महिन्यांची. दोन शब्द जोडायला आधी एक तरी हवा. तो नव्हता. हसू होतं, हुंकार होते, रुसून पालथं पडणं होतं, पण शब्द नव्हता. कान तपासून झाले होते, उत्तम निघाले. मी बीएस्सी आहे, केमिस्ट्री, घरी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. निरीक्षण कशाला म्हणतात ते मला पाठ आहे. तरी दिवसातून वीसदा तिच्यासमोर मांडी घालून बसायचे आणि "आ-ई, आ-ई" करायचे. ती माझ्या ओठांकडे मन लावून बघायची आणि मग उठून निघून जायची.

"तू तिची परीक्षा घेत बसतेस," माझा नवरा सुयश म्हणाला. तो मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये गिऱ्हाइकांकडून परत आलेला माल तपासतो. "मी दिवसभर रिटर्न चेक करून येतो, तर घरी पण तेच चालू."

"मग काय करू? परत पाठवू?"

दोघंही हसलो. मग हसल्याबद्दल मी अर्धा तास स्वतःला खात बसले.

२

आमचा दिवस ठरलेला आहे. साडेसातला सुयश निघतो. आठला कोन गावाहून आनंदीबाई येतात, केरलादी, भांडी आणि ईराची आंघोळ करतात. आंघोळ त्यांनी हट्टाने मागून घेतलेली. आंघोळ झाली की ईराच्या उजव्या कानामागे काजळाची तीट. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण माझ्या अविश्वासावरही माझा फारसा विश्वास नाही, म्हणून मी कधी हटकलं नाही.

बिल्डिंगच्या मागे यंत्रमागांचे, लूमचे गाळे आहेत. दिवसरात्र खटखट. इथली पोरं त्या आवाजात गाढ झोपतात आणि तो थांबला की दचकून उठतात. लाइट गेलेली आम्हाला अंधाराने कळत नाही, शांततेने कळते.

एप्रिलातला मंगळवार होता. सकाळी सातला ईराला उठवायला गेले तर ती थंड. माठाला बाहेरून हात लावावा तशी थंड. अंगावर गोधडी, पंखा एकवर, बाहेर उन्हाळा. मी ओरडणारच होते, तेवढ्यात तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसली. पोटाशी धरून चोळलं तेव्हा दहा मिनिटांनी ऊब आली. घाम वाळला की अंग गार पडतं, मी स्वतःला सांगितलं. बाष्पीभवन. नववीचा धडा.

मग तिचे केस कानामागे सारले. काल लावलेली तीट काळी होती. आज ती लाल होती.

३

"आनंदीबाई, हे काय लावलंत हिला?"

"काय?" त्यांनी पोरीचा कान डोळ्यांजवळ नेला. "अगं बाय! ह्ये मी न्हाय लावलं. माझी तीट काली."

"मग लाल कुठून आली?"

"मना इचारता? माझ्याकं कपालाचं कुंकू हाय त्येवढंच लाल. ही नखपालिश हाय बगा, चकाकतेय कशी. तुमचीच आसंल."

"मी कुठे लावते?"

"मंग लावत जा. बायमानसानं आसं भुंडं र्‍हाऊ न्हाय."

खोबरेल तेलाने ठिपका हलला नाही. साबणाने नाही. नाक्यावरून रिमूव्हर आणला, कापसाला लावून पुसला, तेव्हा एका पुसण्यात निघाला. म्हणजे नेलपॉलिशच. केमिस्ट्री एवढंच सांगू शकते. काय आहे ते. कोणी लावलं हा तिचा विषय नाही.

घरात नेलपॉलिशची एकच बाटली आहे हे मला माहीत होतं. मागच्या खोलीत, सासूबाईंच्या हत्यारांच्या डब्यात, स्क्रू ड्रायव्हर आणि ब्रशच्या मध्ये. सासूबाई जाऊन तीन वर्षं होत आली. बाटली काढून उलटी केली. आतलं लाल दगडासारखं वाळलेलं, झाकण तर चिकटून एकजीव झालेलं. दोन्ही हातांनी पिळलं तरी फिरेना. मला अतोनात बरं वाटलं. बाटली निर्दोष होती.

ती डब्यात ठेवताना प्लास्टिकच्या कव्हराखालचं सासूबाईंचं मशीन, त्यांच्या कंपनीतला जुना कॉम्प्युटर, कोपराला लागलं. इतकी वर्षं बंद असलेलं लोखंड. ते किंचित कोमट होतं. खिडकीतून ऊन येतं तिथे. येतं ते दुपारी, पण येतं.

४

बुधवारी संध्याकाळी सहाला ईराला ताप चढला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप, एकशे दोन, ना वर ना खाली. डॉक्टर म्हणाले व्हायरल. शनिवारी संध्याकाळी सहाला मी थर्मामीटर लावला तर साडेअठ्ठ्याण्णव. घाम पुसताना डाव्या कानामागे दुसरा ठिपका दिसला.

सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, हॉलमध्ये शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसले होते. आप्पा आणि सासूबाई, म्हणजे नीला, दोघंही अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास कशेळीला खाडीकडच्या एका शेडमध्ये कामाला होते. तिथे पर्सनल कॉम्प्युटर जोडत असत, भिवंडीत बहुतेकांनी ते यंत्र पाहिलंही नव्हतं तेव्हा. आप्पा जोडणीवर, सासूबाई फायनल तपासणीवर. आप्पांची तीन मशीनं त्यांनी लागोपाठ रिजेक्ट केली, चौथं घेऊन आप्पा गेले तेव्हा लग्नाचंही विचारून टाकलं, अशी घरात गोष्ट आहे.

"आप्पा, तुमच्याकडे मशीनला नेलपॉलिश लावायचे ना?"

"स्क्रूला." त्यांनी मान वर केली नाही. "मागे चार स्क्रू असायचे. मशीन पास झालं की स्क्रूच्या डोक्यावर ठिपका. नंतर कोणी खोललं तर ठिपका तडकतो, चोरी कळते. बाकीचे लोक चारही ठिपके शेवटी एकदम मारायचे. नीलाचं तसं नव्हतं. एक टेस्ट, एक ठिपका."

"चार कुठल्या टेस्ट?"

"पहिली थंड. मशीन रात्रभर गार पडू द्यायचं आणि सकाळी चालू होतंय का बघायचं. दुसरी गरम. बंद खोलीत बहात्तर तास चालू."

मी बुधवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"तिसरी धप्प." आता ते रंगात आले होते. "तेव्हा आयसी नुसते दाबून बसवलेले असायचे. आयसी म्हणजे त्या काळ्या, पायवाल्या चिप गं. गरम झाल्या की फुगतात, गार झाल्या की आकसतात, असं होता होता जागेवरून केसभर वर सरकतात आणि मशीन मुकं होतं. मग इंजिनिअर असो की डॉक्टरेट, उपाय एकच. मशीन दोन बोटं उचलायचं आणि सोडायचं. धप्प! सगळं जागेवर. हसू नकोस, चालायचं."

मी हसत नव्हते. "आणि चौथी?"

"चौथी तिची स्वतःची, कागदावर नव्हती. काही फॉल्ट असे असतात की आपण समोर उभे राहिलो की येतच नाहीत. इंटरमिटंट. बघताय तोवर मशीन गुणी बाळ. म्हणून ती मशीनकडे पाठ करून उभी राहायची. वळायचं नाही, नुसतं ऐकायचं. पाठीमागे ते आपणहून बोललं, म्हणजे तो एक बीप आला, की ठिपका. आणि म्हणायची, 'ओके. आता पुढचं.'"

"मागच्या खोलीतलं ते..."

"त्याला तिने कधीच पास केलं नाही. कंपनी बंद झाली तेव्हा घरी घेऊन आली. मरेपर्यंत अधूनमधून लावून बघायची."

"आणि टेस्ट मध्येच सोडली तर?"

"अर्धवट मशीन शेडबाहेर जात नाही. ते खोलतात. सुटं करतात, पार्ट दुसऱ्यात घालतात." आता त्यांनी वर पाहिलं. "का गं?"

मी ईराला त्यांच्यासमोर धरलं आणि तिचा डावा कान पुढे वाकवला. उजव्याबद्दलही सांगितलं. त्यांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. 'काहीतरीच काय' असं त्यांनी म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

"दोन झाले," ते म्हणाले आणि हातातली सोल्डरिंग गन त्यांनी खाली ठेवली.

५

सासूबाई गेल्या तेव्हा मला नववा लागला होता. कडक बाई, पण माझ्याशी चांगल्या. माझं काही विसरलं, दूध उतू गेलं, की म्हणायच्या, "भावना, तुझे आयसी सैल आहेत गं. तुला एकदा धप्प करायला हवं." माझ्या पोटावर दोन बोटांनी टकटक करायच्या, कान लावायच्या. "माझ्या हातून गेल्याशिवाय डिलिव्हरी नाही बरं का." आम्ही किती हसलो होतो त्या शब्दावर. त्या गेल्या, त्यांचा तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी ईरा झाली. त्यांच्या हातून न जाता.

सुयशला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, हेच मला आवडलं नाही.

"हे बघ, आप्पांचं वय झालंय. तू आठवडाभर झोपलेली नाहीस. आणि मशीन पस्तीस वर्षांचं आहे. तिघांत त्यातल्या त्यात नॉर्मल मशीनच आहे."

"मग ठिपके?"

तो माझ्या हातांकडे बघत होता. मीही बघितलं. नखांच्या कडा, बोटांची पेरं. लाल काही नव्हतं. पण बघावंसं वाटलं हे खरं. मी झोपत नव्हते, आणि न झोपलेली बाई काय काय करत असेल हे तिला तरी कुठे कळतं?

रविवारी दुपारी मोबाइल उभा करून ईराच्या झोपेचं दोन तास चित्रण केलं. दोन तास एक मूल झोपलेलं. बघणारा असला की फॉल्ट येत नाही.

"मंगळवारी आमचा टेम्पो तिकडून जातो," सुयश म्हणाला. "ड्रायव्हर रघूला सांगतो, मशीन उचलून नेईल. मम्मीचं होतं म्हणून आजवर ठेवलं. मोकळी हो."

"सगळं नेईल? डबा पण?"

"डबा पण."

६

सोमवारी दुपारी अडीचला लाइट गेली.

मी ईराशेजारी आडवी झाले होते. मला डुलकी लागली असावी, कारण मी जागी झाले ती शांततेने. लूम थांबलेले. पंखा फिरत फिरत मरत होता. शेजारी ईरा नव्हती.

पंखा थांबला, आणि तरी एक पंखा चालू होता. बारीक, घशात कफ असल्यासारखा. मागच्या खोलीतून. घरात इन्व्हर्टर नाही आमच्या.

मग धप्प.

जड नाही. पिठाचा डबा ओट्यावर ठेवल्यासारखा आवाज. थोडं थांबून पुन्हा. धप्प. आनंदीबाई सकाळीच गेल्या होत्या. आप्पा पेन्शनच्या कामाला बँकेत. वरच्या मजल्यावर कोणीतरी काहीतरी आपटतंय, मी ठरवलं. ठरवलं आणि उठले. माझं बुद्धिप्रामाण्य नेहमी माझ्या पायांच्या दोन पावलं मागे असतं.

दार अर्धं उघडं होतं. खिडकीतलं ऊन सरळ फरशीवर पडलं होतं. ईरा मशीनकडे तोंड करून उभी होती, माझ्याकडे पाठ. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर. फ्रॉक काखेत चुरगळून वर ओढला गेलेला, एखाद्या मुलाला काखेत धरून उचलल्यावर होतो तसा. तिच्याजवळ कोणी नव्हतं. मी खाली पाहिलं. दोन फरश्यांमधली सांध्याची काळी रेघ तिच्या एका बाजूने येऊन टाचांखालून सरळ दुसऱ्या बाजूला जात होती. सबंध. कुठेही न तुटता. टाचा आणि रेघ यांच्यामध्ये ऊन होतं.

दोन बोटं.

धप्प.

लूम एकदम सुरू झाले. फ्रॉक खाली आला. ईरा वळली, मला बघून खिदळली आणि धावत येऊन गुडघ्यांना मिठी मारली. मी तिला उचलून हॉलमध्ये पळाले आणि तिचा पाय वर केला. उजव्या टाचेवरचा ठिपका ओला होता. माझ्या बोटाला लागला.

७

मंगळवारी आप्पा सकाळपासून मागच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. आनंदीबाई ईराला आंघोळ घालून, "आज आजाचं बिनसलंय काय?" असं मला हळूच विचारून गेल्या.

साडेअकराला सुयशचा मेसेज आला. टेम्पो अर्ध्या तासात पोचतोय, रघूला खाली उभं ठेवू नकोस.

"तीन झालेत, भावना," आप्पा म्हणाले.

"मग? तुम्हीच सांगा. नेऊ द्यायचं की नाही?"

"मी जोडणीवाला. पास-नापास मी कधी बोललो नाही. ते तिचं."

"तुमची नात आहे ती!"

"म्हणून तर इथे बसलोय." त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. "अर्धवटाचं काय करतात ते मी माझ्या हाताने केलंय गं."

मला ओरडायचं होतं की ही मुलगी आहे, मशीन नाही. पण टेबलावर तो फॉर्म पडला होता, अठरा प्रश्नांचा, माझ्या हातचा. कोणत्या तोंडाने ओरडणार होते?

सुयशला लिहिलं, 'आज नको. टेम्पो परत पाठव.' त्याने दोन प्रश्नचिन्हं पाठवली. मी फोन उलटा ठेवला.

बारा वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली.

आप्पा उठले आणि खुर्ची बाजूला केली. मी ईराला कडेवरून मागच्या खोलीत नेलं, मशीनसमोर उतरवलं. तिचा हात माझ्या बोटाभोवती होता. एकेक बोट सोडवलं. तिने वर माझ्याकडे पाहिलं, विश्वासाने, आणि मी तिच्याकडे पाठ केली. आयुष्यात इतकी जड वस्तू मी उचललेली नाही.

समोर भिंत. तिच्यावर जुन्या कॅलेंडरचा खिळा. मी खिळ्याकडे बघत राहिले.

मागे तो पंखा सुरू झाला. प्लास्टिकचं कव्हर सरकलं. ईराचा श्वास ऐकू येत होता, जरा भराभर. मग डब्यात काहीतरी खुडबुडलं आणि झाकण फिरल्याचा आवाज आला, वाळलेल्या आट्यांवरून, कट्, कट्, कट्. खोलीत नेलपॉलिशचा वास पसरला. ताजा. ब्रश बाटलीच्या तोंडाला दोनदा निथळला.

बाहेरून आप्पा कुजबुजले, "वळू नकोस."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग माझ्या मागे, गुडघ्यांच्या उंचीवरून, एक आवाज आला. लहान, स्वच्छ, न वापरल्यामुळे किंचित गंजलेला. मी तो आधी कधी ऐकला नव्हता आणि तरी लगेच ओळखला.

"ओके."

माझे डोळे वाहायला लागले. शब्द! माझ्या मुलीचा पहिला शब्द. आता वळून तिला उचलायचं, टाच बघायची, मुके घ्यायचे, सुयशला फोन करायचा. पण मी वळले नाही. वळ, असं अजून कोणी म्हटलं नव्हतं. आणि पुढचा शब्द कोणता असेल हे मला माहीत होतं. दोन वर्षं दिवसातून वीसदा मी तोच एक शिकवत आले होते. तो ऐकायला मी थांबले.

तो आलाही. फक्त एकटा आला नाही. सातव्या प्रश्नापुढे आता पेनाने खूण करता येणार होती.

"आता आई," ईरा म्हणाली.